कोथरूडचं स्किन क्लिनिक: बाळाच्या डागांसाठी नक्की जा, पण वेळ काढून

डॉक्टर मॅडमना पाच स्टार, रिसेप्शन आणि पार्किंगला दोन, म्हणून चार देतेय. आमच्या लेकीच्या अंगावर दोन डाग होते आणि मॅडमनी दोन्हीबद्दल अगदी उलट सांगितलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

एक म्हणजे कमरेखाली आणि ढुंगणावर निळसर करडे चट्टे, जन्मापासूनचे. सासूबाई म्हणे ग्रहण पाळलं नाहीस, मालिशवाल्या मावशी म्हणे डाळीचं पीठ आणि साय लावून रोज चोळा, आणि एका ठिकाणी तर सरळ लेझरचं पॅकेजच पुढे केलं (एवढ्याशा बाळाला!). मॅडमनी नीट बघितलं आणि म्हणाल्या हे मंगोलियन स्पॉट, आपल्याकडच्या बाळांना खूप कॉमन, रंगाच्या पेशी कातडीत खोल राहिल्या की असं निळं दिसतं, बहुतेक वेळा शाळेत जायच्या वयापर्यंत फिके होतात, काहीही चोळू नका. फक्त कुठे किती आहेत ते फाइलमध्ये लिहून ठेवलं, उद्या पाळणाघरात कुणाला मारल्याचे वण वाटू नयेत म्हणून. हे मला फार आवडलं.

दुसरा खांद्यावर, आधी नुसता लाल ठिपका, मग फुगून स्ट्रॉबेरीच. मला वाटलं हाही जाईल म्हणतील, तर नाही. हा हिमँजिओमा, रक्तवाहिन्यांची गाठ, पहिल्या पाच महिन्यांत सगळ्यात जोरात वाढते आणि मग काही वर्षं हळूहळू बसत जाते, त्यामुळे औषध द्यायचं तर आत्ताच. आमचा छोटा आणि पातळ म्हणून टिमोलॉलचे थेंब दिले, काचबिंदूला देतात तेच, वरून लावायचे. डोळ्याजवळ किंवा मोठा असता तर प्रोप्रॅनोलॉल तोंडाने द्यावं लागलं असतं, ते एरवी हृदयाचं आणि बीपीचं औषध, 2008 मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांना कळलं की याने हे डाग बसतात. पण त्यात बाळाची शुगर उतरू शकते, म्हणून दूध पाजूनच द्यायचं आणि मनाने तर अजिबात नाही. आता वाढ थांबलीय, मधे करडा पडायला लागलाय.

बाकी अपॉइंटमेंटची वेळ म्हणजे नावालाच, बाळाला पाजायला आडोसा नाही, आणि गाडी लांब गल्लीत लावून चालत या. फी जरा जास्त वाटली पण पुढच्या वेळी फोटो बघून फोनवरच सांगितलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी जाऊच नका, सकाळचा पहिला नंबर मागा.