क्रिटा: हुबेहूब चित्राला भक्कम, शैलीला थोडं हट्टी

हुबेहूब काढायचं की आपल्या शैलीत, या वादात क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर कुणाचीच बाजू घेत नाही. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. आयपॅडवर मात्र मिळत नाही. बाजू घेतात ते त्यातले ब्रश, आणि तिथेच बरीच चित्रं बिघडतात.

वास्तवदर्शी रंगकामासाठी खरी ताकद कलर स्मज इंजिनात, म्हणजे रंग फासणाऱ्या-मिसळणाऱ्या ब्रशांत आहे. त्यात दोन मोड आहेत. स्मिअरिंग खालचे पिक्सेल ओढत नेतो, म्हणून ओल्या रंगातून कुंचला फिरवल्यासारखे फराटे उमटतात. केस आणि कापडाच्या चुण्यांना हा चांगला. डलिंग ब्रशखालचा एकच रंग उचलून तुमच्या रंगात मिसळतो. गाल, कपाळ अशा संथ वळणांना तो बरा पडतो. सुरुवातीला स्मज लेंग्थ (खालचा रंग किती फासायचा) ५०-६० टक्के आणि कलर रेट (नवा रंग किती टाकायचा) ३० टक्क्यांच्या आसपास ठेवा. कलर रेट शून्यावर नेला की ब्रश नवा रंग टाकतच नाही, आहे तोच फासत राहतो.

घोळ होतो तो ब्लेंडर ब्लर या धूसर करणाऱ्या ब्रशने. हात त्याच्यावर गेला की सगळा चेहरा पुसला जातो आणि त्वचा रबरी दिसते. कारण साधं आहे: सगळ्या कडा सारख्याच मऊ होतात. नाकाची गालावर पडणारी सावली बघा. नाकाला लागून तिची कड धारदार असते, लांब जाईल तशी विरघळते. गालाचं स्वतःचं वळण मात्र पहिल्यापासून मऊच. शिवाय उजेड आणि सावलीच्या सीमेवर त्वचा जरा लालसर दिसते, कारण प्रकाश कातडीच्या आत शिरून पसरतो. ब्लेंडर नेमका हाच पट्टा राखाडी करून टाकतो. म्हणून आधी बेसिक-५ या साध्या ब्रशने मोठ्या फटकाऱ्यांत तीनच छटा बसवा, फक्त गोलाई वळते तिथे मिसळा आणि लालसर पट्टा शेवटी वेगळा ओढा.

छटा तपासायला सगळ्यात वर डिसॅच्युरेटचा (रंग काढून चित्र राखाडी दाखवणारा) फिल्टर लेयर, म्हणजे थर, ठेवून लेयरच्या यादीतल्या डोळ्याच्या खुणेने चालू-बंद करा. एम दाबलं की चित्र आरशात उलटतं आणि वाकडी हनुवटी लगेच पकडली जाते.

आकाश किंवा धुकं असेल तर फाइल सुरू करतानाच रंगांची खोली १६ बिट निवडा, नाहीतर ८ बिटमध्ये हलक्या एअरब्रशचे पट्टे दिसू लागतात. किंमत मेमरीत मोजावी लागते: ४००० × ५००० पिक्सेलचा पूर्ण भरलेला एक लेयर ८ बिटला ८० एमबी, १६ बिटला १६०. सपाट रंगांच्या चित्राला एवढा खटाटोप कशाला?

आता शैली. मोजक्या रेषांचा डोळा काढताना बहुतेक जण वरच्या पापणीला जाड रेघ देतात आणि खालची जवळजवळ गाळतात. ती जाडी आभाळातून पडलेली नाही. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते, तिच्याच जागी ती बसते. जागा चुकली की डोळा चिकटवल्यासारखा दिसतो. त्यामुळे शैली सापडत नसेल तर रंगवलेल्या अभ्यासचित्राची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ३० टक्के करा आणि वरच्या नव्या लेयरवर इंक-३ जीपेन या शाईच्या ब्रशने फक्त आवश्यक तेवढंच काढा. काय गाळलं, तेच बघायचं असतं.

रेषेसाठी टूल ऑप्शन्समधला, हाताचा कंप काढणारा स्टॅबिलायझर कामाचा आहे, पण डिस्टन्स वाढवला की रेघ पेनामागे रेंगाळते आणि कोपरे गोल होतात. टोकदार कोपरे हवेत तर डिले चालू करा किंवा स्टॅबिलायझर सोडून साध्या बेसिक स्मूदिंगवर या. हट्टीपणा खरा ब्रश एडिटरचा: इतके स्लायडर, की चित्र बाजूला राहून ब्रशच घडवत बसायला होतं. तीन-चार ब्रशांना एक टॅग द्या आणि उजव्या क्लिकच्या गोल पॅलेटमध्ये तोच ठेवा.

रेघ एकाच जाडीची येत असेल तर ब्रशला दोष देण्याआधी विंडोजवर टॅबलेट सेटिंग्जमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक (पेनाचा दाब वाचायच्या दोन पद्धती) यांची अदलाबदल करून बघा. बदल प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडल्यावरच लागू होतो.