काम मजबूत, पण शेजाऱ्याचं नुकसान झालं की फोन बंद (लातूर, घर दुरुस्तीचे गुत्तेदार)

5 पैकी 2 स्टार देते. ते 2 सुद्धा स्लॅबसाठी, कारण स्लॅब खरंच चांगला पडलाय, दोन मोठे पाऊस झाले तरी एक थेंब नाही गळला, प्लास्टर सरळ आहे, बाथरूमचा उतार बरोबर निघालाय. कारागीर हाताचे चांगले आहेत, ते मी नाकारणार नाही. बाकीचे 3 कुठं गेले ते सविस्तर लिहिते, कारण आमच्यासारखी भिंतीला भिंत लागून घरं असलेल्या लोकांनी हे वाचूनच काम द्यावं.

आमचं घर गंजगोलाईच्या मागं जुन्या वस्तीत. मागं माळवदाची एक खोली होती ती पाडून तिथं किचन आणि वर एक खोली काढायची होती. 7 लाख 20 हजारात मटेरियलसहित गुत्तं दिलं. डाव्या हाताला मावशी राहतात, सामाईक भिंत, आणि त्या भिंतीच्या पलीकडं लगेच त्यांचा जमिनीतला हौद. 5 बाय 5 चा, 6 फूट खोल, म्हणजे चार हजार लिटरच्या वर पाणी. लातूरात हौद म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून नाही समजणार. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आपल्याला, तेव्हापासून मावशी नळ आला की आधी हौद भरून घेतात आणि मगच चहा ठेवतात.

आता चूक कुठं झाली ते बघा. कॉलमसाठी 5 फुटाचा खड्डा घेतला, हौदाच्या भिंतीपासून जेमतेम दीड फुटावर. आपली माती काळी, ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, अशा मातीत उघडा खड्डा ठेवायचाच नसतो, खणला की दोन-तीन दिवसात पीसीसी (तळाला साध्या काँक्रीटचा थर) करून, सळईची जाळी टाकून, काँक्रीट भरून मोकळं व्हायचं. ह्यांनी खणला आणि लेबर सोयाबीन काढायला गावाकडं गेलं. नऊ दिवस खड्डा तसाच. मी रोज फोन करायचे, रोज "ताई उद्या पक्कं" असं उत्तर. आठव्या रात्री परतीचा पाऊस झाला आणि हौदाच्या बाजूची माती ढासळून खड्ड्यात आली. ना फळ्या लावल्या होत्या ना बल्ल्यांचा टेकू. लेबर आलं, त्यांनी ती माती उपसून टाकली आणि वरून सामाईक भिंतीला चिकटलेला जुना दगडी भाग ब्रेकर मशीननं फोडायला घेतला. अख्खी गल्ली हादरायली होती. भिंतीजवळचं काम छन्नी-हातोड्यानं करा म्हणून मी स्वतः जाऊन सांगितलं तर म्हणले दोन दिवस जास्त लागतील, मजुरी वाढेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. भांडायला नव्हत्या आल्या. हातात काठी होती. "पोरी, हौद उतरूलालाय गं." रात्री झोपताना त्यांनी काठी बुडवून ओल्या खुणेवर कोळशानं रेघ मारली होती, सकाळी परत बुडवली तर ओल चार इंच खाली. मी हिशोब केला, एका रात्रीत 235 लिटर पाणी जमिनीत. आणि ते जातंय कुठं, तर आमच्याच पायाच्या काळ्या मातीत!

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर पण गेली होती, नखाची कड आत जाईल एवढी. मावशींचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे त्यांच्या माहेरची माणसं गेलीत. त्या चिरेवर हात ठेवून म्हणल्या, "भूकंपात ही भिंत हालली नव्हती." त्या रात्री त्या आत झोपल्याच नाहीत, अंगणात बाज टाकली. मला पण झोप नाही आली. चीर भिंतीला पडली एवढंच नसतं हो आपल्याकडं.

गुत्तेदारांना बोलावलं. आले, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणले हौद जुनाच आहे, आधीपासूनच गळत असणार, आणि शेजाऱ्याचं मी कशाला बघू, माझं ॲग्रीमेंट तुमच्याशी आहे. त्यानंतर चार दिवस फोन बंद. आमच्याकडं काम चालू होण्याच्या आधीचा हौदाचा किंवा भिंतीचा एकसुद्धा फोटो नव्हता, त्यामुळं माझं तोंड बंद झालं.

ओळखीच्या वकीलसाहेबांकडं गेले. त्यांनी जे समजावलं ते मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. शेजाऱ्यासमोर पहिली जबाबदार मी. काम माझ्या जागेत, माझ्या सांगण्यावरून, आणि शेजारच्या जमिनीचा आधार काढून घेण्यासारखं काम असलं तर "गुत्तेदारानं केलं" म्हणून घरमालक सुटत नाही. 1882 चा सुखाधिकार कायदा आहे, त्यात शेजारच्या जमिनीला मिळणाऱ्या आधाराचा हक्क येतो. मावशींनी दिवाणी कोर्टात जायचं ठरवलं असतं तर पहिलं नाव माझं आलं असतं. आणि मी भरून दिलं की मी ते गुत्तेदाराकडून मागायचं, कारण हलगर्जी त्यांची. मी त्यांची ग्राहक आहे, म्हणून मला जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, दोन वर्षाच्या आत, आणि माझ्या रकमेच्या गुत्त्याला फी फक्त 200 रुपये. मावशींना मात्र गुत्तेदाराविरुद्ध तिथं जाता येत नाही, त्यांनी काही सेवा घेतलेलीच नाही.

मग मी वाट बघत बसले नाही. वेगळ्या इंजिनियरला आणलं. त्यांनी चिरेवर आडवी काचेची बारीक पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटनं चिकटवली आणि बाजूला पेन्सिलीनं तारीख टाकली, चीर वाढली तर काच तडकणार, नाही वाढली तर काच तशीच राहणार. खड्डा आधी भरून घ्यायला लावला. नंतर हौद रिकामा करून आतून तासला, चिरा भरल्या, वॉटरप्रूफिंग करून परत प्लास्टर, 34,000. भिंतीची चीर उघडून भरायला 11,500. मधल्या दिवसांचे मावशींना टँकर, 4,200. एकूण 49,700. हे सगळं आधी मी दिलं. मावशी नको नको म्हणत होत्या, पण त्यांच्या घरात दोन माणसं म्हातारी, त्यांनी माझ्या किचनपायी बादल्या का वाहाव्यात?

शेवटच्या बिलातले 60,000 मी अडवले तेव्हा फोन लगेच चालू झाला. आधी आवाज चढला, मग वकिलाची नोटीस गेल्यावर 30,000 कापून घ्यायला तयार झाले. बाकीचे 19,700 माझ्या खिशातून गेले. माफी मात्र त्यांनी मावशींकडं जाऊन एकदा सुद्धा मागितली नाही, आणि खरं सांगते, मला पैशापेक्षा तेच जास्त लागलंय. दोन घरं सोडून त्यांचं दुसरं काम चालू आहे, रोज मावशींच्या दारावरून जातात.

तुम्ही ह्यांना किंवा कुणालाही काम देणार असाल तर पहिल्या दिवशी शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांच्या भिंती, हौद, फरशी, छत सगळ्याचे तारखेसहित फोटो काढा आणि दोघांच्या सह्या घ्या. शेजाऱ्यांना ते आवडतं, मला वाटलं होतं संशय घेतील. ॲग्रीमेंटमध्ये शेजारच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर कोण भरणार ते सरळ लिहा, आणि दहा टक्के रक्कम काम संपल्यावर एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. खड्डे एकदम सगळे घेऊ देऊ नका, एक भरला की दुसरा. कॉन्ट्रॅक्टर ऑल रिस्क नावाचा इन्शुरन्स असतो, त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान येतं, पण हादऱ्यानं किंवा आधार निघाल्यानं झालेलं नुकसान वेगळं लिहून घ्यावं लागतं, नाहीतर नेमकं तेच बाहेर राहतं. आमच्या गुत्तेदारांकडं हा कागदच नव्हता, आणि मी विचारलं पण नव्हतं.

काच अजून तशीच आहे. मावशी रोज देवपूजा झाली की तिच्याकडं एकदा बघून येतात.

फोटो टाकलेत. तिसऱ्या फोटोत तो उघडा खड्डा दिसतोय, त्याच्या डाव्या अंगाला माती ढासळलीय तिथं जी विटांची कड दिसते ना, ती मावशींच्या हौदाची भिंत.