तिघांचं अंदमान स्कूबा पॅकेज: ८८,५०० रुपये पाण्यात

सोशल मीडियावरची जाहिरात, वैयक्तिक यूपीआय, मग फोन बंद. हा प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा आहे, तो उगाळत बसत नाही. स्कूबाच्या नावाखाली काय खपवतात तेवढं लिहितो, कारण पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉक, नील ही बेटं अशी घाईची सहल आखणारेच यात नेमके सापडतात.

माणशी ३८,५०० प्रमाणे तिघांचे १,१५,५००. त्यातले ६९,३०० आगाऊ, मग ‘फेरी ब्लॉक’चे, म्हणजे बेटांवर नेणाऱ्या बोटीतल्या जागा राखायचे, १४,७००, वर ‘आयलंड परमिट’चे ४,५००. हॅवलॉकच्या ज्या डाइव्ह सेंटरचं नाव एजंटने पाठवलेल्या सहलीच्या कार्यक्रमात छापलं होतं, त्यांच्याकडे आमचं बुकिंगच नव्हतं. या एजंटचं नावही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

चिडायला होतं ते यासाठी की सगळं त्या कार्यक्रमातच लिहिलेलं होतं. तिसरा दिवस: ‘डिक्सन्स पिनॅकल, नवशिक्यांसाठी’. अहो, डिक्सन्स म्हणजे समुद्राखालचा सुळका, त्याचा माथाच साधारण १८ मीटर खोलीवर आहे! सर्टिफिकेट नसलेल्याला इन्स्ट्रक्टर जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेतो. ओपन वॉटर हा पहिल्या सर्टिफिकेटचा कोर्स केलेल्याचीही मर्यादा १८. शेवटचा दिवस तर कहर: सकाळी ७ ला पोर्ट ब्लेअरजवळच्या नॉर्थ बेची डाइव्ह आणि दुपारी परतीचं विमान. एका डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १२ तास थांबतात, अनेक डाइव्ह झाल्या असतील तर १८. अंगात विरघळलेला नायट्रोजन केबिनच्या कमी दाबात बुडबुडे धरतो, हे डाइव्हिंग विकणाऱ्याला माहीत नसणं शक्यच नाही. विचारलं होतं आम्ही. ‘फेरीप्रमाणे दिवस मागेपुढे होतील’ असं उत्तर आलं आणि ते पटलं, कारण हवामान बिघडलं की तिथल्या फेऱ्या खरोखरच रद्द होतात. मूर्ख म्हणणाऱ्यांनी आधी एजंटने पाठवलेली फेरीची खोटी तिकिटं बघावीत. नाव, वय, सीट नंबर, सगळं चोख. फक्त पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक आणि हॅवलॉक ते नील, दोन्हींचा पीएनआर एकच! पीएनआर हाती पडला की फेरी कंपनीला फोन करून नाव विचारा, त्याच दिवशी.

आणि परमिट? भारतीयांना या तिन्ही ठिकाणी परमिट लागतच नाही. त्याचे पैसे मागितले की फोन ठेवा.

‘सर्टिफिकेटसह डाइव्ह’ हीही थाप. एका ट्राय डाइव्हवर, म्हणजे कोर्स न करता मारलेल्या हौशी डाइव्हवर, मिळतो तो हौसेचा कागद, लायसन्स नव्हे. ओपन वॉटरला थिअरी, उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह लागतात, एका दिवसात उरकत नाही. इन्स्ट्रक्टरचा पाडी किंवा एसएसआय या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थांचा नंबर मागा आणि त्या संस्थेकडेच पडताळा. दमा, कान, हृदय, ऑपरेशन यांची वैद्यकीय प्रश्नावली कुणी पाठवतच नसेल तर त्याला तुम्हाला पाण्यात उतरवायचंच नाहीये. आमच्या एजंटने तो विषयही काढला नाही.

आता यंत्रणा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लागला, तक्रार क्रमांक मिळाला, पुढे शुकशुकाट. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहकाला संरक्षण देणारं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक अनधिकृत, म्हणजे आपल्या परवानगीशिवाय झालेल्या, व्यवहारांसाठी होतं, हा अधिकृत. म्हणजे चोराने आपला हात धरून पैसे काढले तर संरक्षण, गोड बोलून काढले तर नाही! पोलीस ठाण्यात उत्तर, ‘सहल अंदमानची, तिकडे तक्रार करा.’ तिकडे उत्तर, ‘पैसे तुमच्या शहरातून गेले.’ झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायचा गुन्हा, म्हटल्यावर साहेबांनी अशा नजरेनं पाहिलं, जणू आम्हीच आरोपी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावीच लागते. कलम दाखवलं तर म्हणे, ‘हा तर दिवाणी वाद आहे, ग्राहक मंचात जा.’ खोटं तिकीट बनवणं दिवाणी कधीपासून झालं? पर्यटन खात्याने एका ओळीत संपवलं: एजंट आमच्याकडे नोंदणीकृत नाही. ते आम्हालाही कळलंच होतं की! सायबर तक्रारीच्या पोर्टलवर आमच्या तक्रारीसमोर अजून ‘अंडर प्रोसेस’.

यूपीआयने वैयक्तिक खात्यात पैसे गेले की परत मागायला दार जवळपास उरतच नाही. क्रेडिट कार्ड असेल तर निदान चार्जबॅकचा, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागायचा, अर्ज करता येतो. पैसे थेट डाइव्ह सेंटरच्या नावावरच्या खात्यात भरा, तेही थोडे आगाऊ, आणि समुद्र खवळून बोटी बंद झाल्या तर किती परत मिळणार हे पैसे पाठवण्याआधी ईमेलवर लिहून घ्या.