'बोल्ड ओव्हर' की 'टेकन अबॅक'?

या दोन्ही इंग्रजी वाक्प्रयोगांत माणूस चकित होतो, पण सुखावतो तो पहिल्यात. 'आय वॉज बोल्ड ओव्हर बाय हर सिंगिंग' म्हणजे तिच्या गाण्याने मी भारावून गेलो. यात कौतुक ठासून भरलेलं असतं. क्रिकेटमधल्या 'बोल्ड'मुळे बाद होण्याचा अर्थ मनात येतो, तो इथे आणू नका. शब्दशः अर्थ धक्का देऊन पाडणे. धावत्या माणसाने कुणाला पाडलं तरी हेच क्रियापद चालतं. सर्वनाम मात्र मध्येच हवं: 'इट बोल्ड मी ओव्हर'. बाज अनौपचारिक, म्हणून मित्राच्या पत्रात शोभतं, कचेरीच्या अहवालात नाही.

'टेकन अबॅक'मध्ये बहुतेकदा हा गोडवा नसतो. ते शिडाच्या जहाजांवरून आलंय: वारा अचानक समोरून आला की शिडं उलटी डोलकाठीवर दाबली जातात, जहाजाची गती खुंटते. त्याच्या उद्धट स्वराने तुम्ही चपापलात, तर हेच वापरा. औपचारिक लेखनातही ते खपतं.

भेटवस्तूचे आभार मानताना मी नेहमी 'बोल्ड ओव्हर'च सुचवेन. 'टेकन अबॅक' वाचून देणाऱ्याला वाटेल, भेट खटकली.