घराण्याचा इतिहास शोधायचाय: तहसील, हेळवी, पंढरपूर का पुणे?

पणजोबांच्या पलीकडं कोणाचं नाव माहिती नाही, शोधायचंय, आधी कुठं जाऊ असं बरेच जण विचारतात. मी चारही ठिकाणी फिरलोय म्हणून सांगतो, पण आधी घरात एक विचारून घ्या, 1948 च्या आधी आपलं गाव कोणाच्या राज्यात होतं? सोलापूर, बार्शी इंग्रजांकडं, अक्कलकोट वेगळं संस्थान, मंगळवेढा सांगली संस्थानात आणि सोलापूरहून तासाभरावरचं तुळजापूर निजामाच्या मुलखात. कागद कुठं असणार, मोडीत का उर्दूत, सगळं त्यावर ठरतं.

घरात जमीन असेल तर आधी तहसीलची रेकॉर्ड रूम, डोळे झाकून. जुने सातबारे, फेरफार म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद, आणि गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, कोतवाल बुक म्हणतात ती. त्यातला वारसाचा फेरफार म्हणजे सोनं, माणूस कधी वारला, मागं कोण कोण राहिलं, विधवेचं नाव, आणि 1956 चा वारसा कायदा आल्यानंतरच्या नोंदीत बऱ्याचदा लेकींचीपण नावं. आमच्याकडं जिला सगळे नुसतं "थोरली" म्हणायचे तिचं खरं नाव मला अशाच एका फेरफारात सापडलं, कितीतरी वेळ बघत बसलो होतो. चक्कर मारायच्या आधी महाभूमीच्या, म्हणजे सरकारच्या जमीन-नोंदींच्या, आपले अभिलेख साइटवर बघा, तुमच्या गावचं स्कॅन झालेलं असलं तर घरबसल्या मिळतं.

पण जमीनच नसेल तर? सोलापुरात अशी घरं किती! 1877 ला जुनी गिरणी ही कापडगिरणी निघाली, पुढं माणसं कामाला येत राहिली, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, त्यांना इथल्या सातबाऱ्यात काय मिळणार. त्यांनी आजोबांच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर गाठायचं, त्यात जन्मतारीख, बऱ्याचदा जन्मगावसुद्धा असतं, आणि मूळ गाव कळलं की पुढचा रस्ता सुटतो.

हेळवी, म्हणजे घरोघरी फिरून वंशावळ सांगणारे, तुमच्या घरी येत असतील तर त्यांना सोडू नका. पिढ्यान्‌पिढ्यांची नावं, मूळ गाव, कुठून उठून कुठं आलो हे ते सांगतात जे सरकारी कागदात नसतं, फक्त तारखा मिळत नाहीत, म्हणून मी त्यांची नावं फेरफाराशी ताडून घेतली. पंढरपूरच्या उपाध्यांच्या, म्हणजे तिथल्या तीर्थपुरोहितांच्या, वह्यांचं उलटं, वारीला कोण कधी आलं ते असतं, पण तुमच्या गावाचे उपाध्ये नेमके कोणते ते आधी शोधावं लागतं.

पुण्याचं पुराभिलेखागार मी शेवटी ठेवीन. पेशवे दप्तर, म्हणजे पेशवाईतले सरकारी कागद, तिथं आहे, कागद प्रचंड, पण पाटीलकी, कुलकर्णीपण, इनाम असलं काही घरात असेल तरच जा, नाहीतर आठवडा जाईल आणि हातात काही नाही, त्यात मोडी यायला पाहिजे नाहीतर वाचणारा सोबत पाहिजे. 1910 पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ पण पुण्यातच आहे, त्याच फेरीत करा.

फॅमिलीसर्च ही वंशावळ शोधायची साइट फुकट आहे, हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या त्यांनी फिल्म केल्यात, घरचं कोणी तिकडं जाऊन आलं असेल तर बघा, आपल्याकडच्या बहुतेकांना तिथं फार मिळत नाही.

आणि फेरफार सापडला की नुसता मोबाईलवर फोटो काढून येऊ नका, प्रमाणित नक्कल मागा, जुनं पान पुढच्या वेळी तसंच हाताला लागेल असं नाही.