दोन शिक्षक, एक वर्ग: मदतनीस पद्धत की समांतर गट?

मॅरिलिन फ्रेंड आणि लिन कुक या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी सहअध्यापनाचे, म्हणजे दोन शिक्षकांनी मिळून एकच वर्ग शिकवण्याचे, सहा प्रकार मांडले. त्यांतला सर्रास दिसणारा म्हणजे एक शिक्षक फळ्यापाशी आणि दुसरा बाकांमधून फिरत मदत करणारा. तयारी फारशी लागत नाही, हा त्याचा फायदा. पण कायम तेच चाललं की मुलं दुसऱ्या शिक्षकाला मदतनीसच समजू लागतात.

समांतर पद्धतीत वर्गाचे दोन गट होतात आणि दोघंही तोच धडा एकाच वेळी शिकवतात. चाळीसऐवजी वीस मुलं समोर असली की एरवी गप्प बसणारी मुलगीही बोलती होते. अपूर्णांकांची बेरीज करताना ती छेदांचीही बेरीज का करतेय, हे तिच्याच तोंडून ऐकता येतं आणि चूक तिथल्या तिथे सुधारता येते. गोंगाट वाढतो, हे खरं. शिवाय दोघांनाही विषय पक्का यावा लागतो आणि आधी एकत्र बसून नियोजन करावंच लागतं. वेळापत्रकात त्यासाठी तास नसेल, तर दोन गट दोन वेगळ्याच गोष्टी शिकून बाहेर पडतात.

माझा कौल समांतर गटांना, निदान सरावाच्या तासाला तरी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मात्र फिरून लक्ष ठेवणारं कुणीतरी हवंच. तिथे पहिली पद्धत बरी.