कूलंटच्या हाताला कुठला टच चालतो? नोकिया ५२३३ आणि माझा आजचा फोन

फोनचा कुठलाही रिव्ह्यू उघडा. कॅमेरा असतो, गेमिंग असतं, बॅटरीचं पुराण असतं. पण हाताला तेल, कूलंट (धातू कापताना मशीनवर सोडतात ते थंड करणारं पाणी) आणि चार चिरा असताना स्क्रीन ऐकते का, हे कुणी लिहीत नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे, तिथं फोनची खरी परीक्षा हीच. म्हणून एका बाजूला जुना नोकिया ५२३३ आणि दुसऱ्या बाजूला खिशातला आजचा फोन, दोघांचा फक्त टचपुरता हिशेब मांडतोय. आजच्याचं नाव देत नाही. त्याच्याबद्दल जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू पडतं.

५२३३ म्हणजे २०१० सालचा, आपल्याकडे बऱ्याच जणांचा पहिला टच फोन. ३.२ इंची स्क्रीन, सिंबियन, दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा, ना थ्रीजी ना वायफाय. आयफोन येऊन तीन वर्षं झाली होती, कपॅसिटिव्ह, म्हणजे नुसत्या स्पर्शाने चालणाऱ्या स्क्रीनचा एलजी प्राडा तर त्याच्याही आधीचा. पण ते आपल्या खिशाबाहेरचं काम. स्वस्तात टच हवा असेल तर तो रेझिस्टिव्ह, म्हणजे दाबून चालणारा, हा तेव्हाचा सरळ हिशेब होता. २०११ मध्ये सरकारने विद्यार्थ्यांसाठी आणलेला ‘आकाश’ टॅबलेटसुद्धा रेझिस्टिव्हच होता, पुढच्या वर्षीच्या आकाश-२ ला कपॅसिटिव्ह मिळाला.

माझा ५२३३ टू-जी सिमवर अजून चालू आहे. शॉपमधल्या टेबलावर असतो, फोन उचलायला आणि कॅल्क्युलेटर म्हणून. त्याला कशानेही दाबा. सुती हातमोजा, पेनाचं टोपण, सोबत मिळालेली काडी, नख, सगळं चालतं. नखाने तर उत्तमच. एकदा मोकळ्या वेळात फोन डिजिटल काट्यावर ठेवून बघितलं. बोटाच्या पेराने जेवढा भार द्यावा लागतो, त्याच्या निम्म्याहून कमी भारात नखाचं काम होतं. कारण भार कमी असला तरी टेकणारी जागा सुईएवढी. सवय नसलेला माणूस आजच्या फोनसारखा त्याच्यावर बोट नुसतं फिरवतो आणि म्हणतो, बंद पडलाय वाटतं. बंद पडलेला नसतो, त्याला दाब लागतो.

आत काय चालतं ते आमच्या ड्रिलिंगच्या एसपीएमवर (एकाच कामासाठी बनवलेल्या मशीनवर) कळलं. त्या मशीनच्या पॅनलचा टचही रेझिस्टिव्ह. तो गेला तेव्हा नवा बसवला आणि जुना फेकायच्या आधी टेबलावर घेतला. खाली काच, वर लवचिक प्लास्टिकचा पापुद्रा, दोन्हींच्या समोरासमोरच्या अंगांना इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक, वीजवाहक थर. मधे बारीक बारीक ठिपके, उजेडात तिरपं धरलं तरच दिसणारे. हे ठिपके दोन थरांना एकमेकांपासून लांब ठेवतात. शेपटीतून चार वायरी बाहेर येतात. दोन वायरींना पाच व्होल्ट दिले, मल्टिमीटरची लाल पिन वरच्या थराच्या वायरीला लावली आणि बोट डावीकडून उजवीकडे दाबत नेलं. आकडा शून्याच्या आसपासून पाचाकडे चढत गेला, मधोमध अडीचच्या जवळ. बस्स, एवढंच. दाबलं की थर चिकटतात आणि किती व्होल्ट आले त्यावरून बोट कुठं आहे ते कळतं. मग कंट्रोलर वायरी बदलून आडव्याऐवजी उभी मोजणी घेतो. दोन बोटांनी दोन ठिकाणी दाबलं तर मीटर मधलाच कुठला तरी आकडा दाखवतो. चिमटीने झूम त्या टचला का जमत नाही, ते तिथंच समजलं.

त्या पॅनलचा टच गेला होता तोही बघण्यासारखा. ‘सायकल स्टार्ट’च्या जागी प्लास्टिक पांढरं पडून खोलगट झालेलं, बाकी पॅनल धडधाकट. आमचा ऑपरेटर म्हणाला, “मालक, ह्याला जोरात दाबल्याबिगर कळत न्हाई.” पोरं स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टोचत होती, हे मागाहून कळलं. रेझिस्टिव्हचं मरण हेच, वरचा पापुद्रा झिजतो, मोजणी सरकते, मग कॅलिब्रेशन करत बसा. तरी मशीनवर मला हाच टच हवा. पाण्याचा शिंतोडा उडाला म्हणून मशीनचा फिरणारा स्पिंडल सुरू झाला, असं परवडणार नाही.

आता आजचा फोन. यात दाब मोजलाच जात नाही. काचेखाली त्याच इंडियम टिन ऑक्साइडच्या आडव्या-उभ्या बारीक रेषांची जाळी असते. प्रत्येक चौकात थोडा विद्युतभार साठवता येतो. बोट, म्हणजे आपलं वीजवाहक शरीर, जवळ आलं की त्या चौकातला आकडा बदलतो. प्रत्येक चौक वेगळा वाचला जात असल्याने दोनच काय, पाच बोटंही एका वेळी कळतात. हलकेपणात याला तोड नाही.

पण कूलंट! आमचं कूलंट म्हणजे पाण्यात मिसळलेलं दुधाळ तेल, चांगल्यापैकी वीजवाहक. त्याचा थेंब स्क्रीनवर पडला आणि तो पुसायला अंगठा फिरवला की फोनला अंगठा कुठला आणि थेंब कुठला हे समजत नाही. एकदा अशा पुसापुशीत एका गिऱ्हाइकाला व्हिडिओ कॉल गेला. समोर माणूस जेवत होता आणि इकडे मी बनियनवर. सुती मोज्याने स्क्रीन ढिम्म हलत नाही, पातळ नायट्राइल मोज्याने मात्र बऱ्यापैकी चालते, कारण पापुद्रा पातळ. (मशीनवर फिरत्या जॉबजवळ मोजे घालू देत नाही, हे सुटे भाग उचलणं आणि बर, म्हणजे कापलेल्या कडेची खरखर, काढणं यापुरतंच बोलतोय.) हिवाळ्यात बोटांची कातडी कोरडी, जाड आणि भेगाळलेली असते, तेव्हा एकाच बटणाला दोनदा टेकवावं लागतं. बायकोचं बोट त्याच स्क्रीनवर पहिल्या फटक्यात घेतलं जातं, ते वेगळं दुःख.

यावरचा सगळ्यात सोपा इलाज सेटिंगमध्ये असतो. सॅमसंगमध्ये डिस्प्लेखाली ‘टच सेन्सिटिव्हिटी’ नावाचा पर्याय आहे, काही कंपन्या त्याला ग्लव्ह मोड म्हणतात. २०१२ च्या नोकिया लुमिया ९२० पासून मोज्यातलं बोट ओळखणं ही जाहिरात करण्याजोगी गोष्ट झाली. चालू केलं की जाड कातडीला आणि जाड काचेला फरक पडतो. पाण्याचा गोंधळ मात्र वाढू शकतो, म्हणून मी शॉपमध्ये चालू ठेवतो आणि पावसात बाहेर पडताना बंद करतो.

टेम्पर्ड ग्लासबद्दल स्वतंत्र बोलायला हवं, कारण ‘टच गेला’ म्हणून दुरुस्तीला नेलेल्या फोनचा आजार कित्येकदा तिथंच असतो. कडेला वळलेल्या स्क्रीनवर फक्त चारी कडांना गोंद असलेली स्वस्त काच बसवतात. मधे हवेचा पातळ थर राहतो आणि बोट त्या जाळीपासून आणखी लांब जातं. मधोमध टच मठ्ठ, कडेला तरतरीत, असं असेल तर आधी ती काच काढून बघा. अख्ख्या पृष्ठभागाला गोंद असलेली काच घ्या, पैसे जास्त जातील. तसंच फोन चार्जिंगला लावल्यावरच आपोआप कुठंही क्लिक होत असेल तर अडॅप्टर बदला. हलक्या अडॅप्टरच्या विजेतली खरखर त्या जाळीच्या मोजणीत मिसळते. आमच्याकडे बिननावाचा एक होता, त्याच्यावर लावला की फोन स्वतःच टाइप करायचा.

दुरुस्तीत जुनं बरं होतं. ५२३३ चा टच वेगळा, डिस्प्ले वेगळा, जे गेलं तेवढंच बदलायचं. आता दोन्ही चिकटवलेले असतात, दुकानदार ‘फोल्डर बदलावा लागेल’ म्हणतो आणि आकडा ऐकून आपण जुन्या चिरेवरच भागवतो. उन्हाचं मात्र उलट. ५२३३ ची स्क्रीन दारात उन्हात धरली की थरांमुळे फिकट दिसते, आजची स्वच्छ.

एवढं सगळं असून माझा निकाल आजच्या फोनच्या बाजूने, आणि कारण एकच, ड्रॉइंग. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकतो, त्यात २५ मिलिमीटर व्यासाचा बोअर, म्हणजे भोक, आणि त्यापुढे एच७. म्हणजे माप शून्य ते २१ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) एवढंच मोठं चालतं. तो आकडा कोपऱ्यात मुंगीएवढा असतो. दोन बोटांनी ताणून मोठा केल्याशिवाय जॉब लावायची माझी हिंमत नाही. ५२३३ वर हे होणं नाही, आणि त्याच्या यादीत तर एकदा दाबून ओळ निवडायची, पुन्हा दाबून उघडायची, ही कटकट वेगळीच.

तेव्हा टचपुरते गुण: शॉपच्या आत ५२३३ ला पाचपैकी चार, आजच्या फोनला अडीच. शॉपच्या बाहेर आजच्याला साडेचार, ५२३३ ला एक, तोही जुन्या ओळखीपोटी. तुमचं काम हाताचं असेल तर नवा फोन घेताना दुकानदाराकडे वाटीभर पाणी मागा, दोन बोटं बुडवून स्क्रीनवर पिनकोड टाकून बघा, मग स्क्रीन पुसून ग्लव्ह मोड चालू करून पुन्हा टाका. तो तोंड वाकडं करेल, करू दे.